तारेतला एक शब्द

मार्च १९३७. माद्रिदच्या ईशान्येला ग्वादालाहाराच्या पठारावर पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होते. मुसोलिनीने जनरल फ्रँकोच्या मदतीला पाठवलेले तीस हजारांहून अधिक सैन्य त्या चिखलात रुतले आणि प्रजासत्ताकाच्या फौजांनी त्याला मागे रेटले. लढाई संपल्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'चा वार्ताहर हर्बर्ट मॅथ्यूज त्या भागात फिरला. त्याने मृतदेह पाहिले, कैद्यांशी त्यांच्या भाषेत बोलला, टाकून दिलेल्या बंदुका आणि कागदपत्रे तपासली. मग माद्रिदला परतून त्याने तार पाठवली: ब्रिवेगा गाव ज्यांनी व्यापले होते ते इटालियन होते आणि इटालियनांखेरीज तिथे दुसरे कोणीही नव्हते.

न्यूयॉर्कच्या कचेरीत रात्रपाळीच्या टेबलावर ही तार आली आणि तिच्यातला 'इटालियन' हा शब्द खोडला गेला. त्या जागी 'बंडखोर' हा शब्द बसला. दुसऱ्या दिवशी वाचकाने जे वाचले त्याचा अर्थ असा होत होता, की गावातले लोक बंडखोर होते आणि बंडखोरांखेरीज दुसरे कोणीही नव्हते. वाक्याला काही अर्थच उरला नव्हता, पण व्याकरण शाबूत होते. मॅथ्यूजने विचारणा केली तेव्हा व्यवस्थापकीय संपादक एडविन जेम्स यांच्याकडून त्याला समजले, की इटालियनांचा असा उल्लेख एकट्या त्याच्याच तारेत आहे आणि तो माद्रिदच्या प्रचारासारखा वाटतो.

एका शब्दासाठी एवढी खळखळ का, हे समजायला तेव्हाचे राजकारण थोडे आठवावे लागते. स्पेनमध्ये जुलै १९३६ मध्ये लष्करातल्या एका गटाने निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उठाव केला. त्यातून जे पेटले त्याला आपण मराठीत यादवी म्हणतो. आणि यादवी म्हटले की बाहेरच्यांनी मध्ये पडू नये हे ओघानेच येते. युरोपातल्या सरकारांनी तेच तर ठरवले होते. लंडनमध्ये हस्तक्षेप न करण्यासाठी एक समिती बसली होती आणि जर्मनी, इटली, रशिया हे तिन्ही देश त्या समितीचे सभासद असतानाच स्पेनमध्ये विमाने, रणगाडे आणि माणसे धाडत होते. अमेरिकी काँग्रेसने जानेवारी १९३७ मध्ये दोन्ही बाजूंना शस्त्रविक्री करायला बंदी घातली. ही सगळी इमारत 'हे स्पॅनिश लोकांचे आपसातले भांडण आहे' या एका वाक्यावर उभी होती. ग्वादालाहारात मेलेले सैनिक इटालियन होते असे छापले, तर ते वाक्य कोसळते. 'बंडखोर' म्हटले की ते तगून राहते.

पण न्यूयॉर्कच्या टेबलाचीही एक बाजू होती, आणि ती सांगायलाच हवी. माद्रिदहून निघणारी प्रत्येक तार तेलेफोनिकाच्या उंच इमारतीत बसलेल्या सरकारी सेन्सॉरच्या हातून जात असे. मॅथ्यूजची सहानुभूती कोणाकडे आहे, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते. शिवाय अमेरिकेतल्या कॅथलिक वाचकांची पत्रे येत होती, ती थोडीथोडकी नव्हती. ब्रुकलिनच्या कॅथलिक साप्ताहिकाने 'टाइम्स'विरुद्ध मोहीमच उघडली होती. त्यांची तक्रार पोकळ होती असे मला म्हणवत नाही. युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत प्रजासत्ताकाच्या भागात पाद्री, भिक्षू आणि जोगिणी मिळून जवळजवळ सहा हजार आठशे धर्मसेवक मारले गेले. ज्याच्या पंथाची एवढी माणसे मारली गेली, त्याला वर्तमानपत्रातला 'निष्ठावंत सरकार' हा शब्दप्रयोग जिव्हारी लागला, तर नवल नव्हते.

यावर 'टाइम्स'ने एक तोड काढली. कागदावर तरी ती न्याय्य दिसते. माद्रिदच्या बाजूला मॅथ्यूज, फ्रँकोच्या बाजूला विल्यम कार्नी. दोघांनाही जागा सारखीच. एकाची बातमी पहिल्या पानावर आली की दुसऱ्याचीही यावी.

कार्नी स्वतः कॅथलिक होता आणि युद्धाच्या सुरुवातीला तो माद्रिदमध्येच होता. तिथून बाहेर पडल्यावर डिसेंबर १९३६ मध्ये, सेन्सॉरच्या तावडीतून सुटल्यामुळे, त्याने एक लांबलचक बातमी लिहिली. स्पेनमध्ये लोकशाही सरकार उरलेलेच नाही, असे तिचे म्हणणे होते. त्या बातमीतल्या काही गोष्टी खऱ्या होत्या: माद्रिदमधल्या दहशतीची वर्णने त्याने कल्पनेतून काढलेली नव्हती. पण त्याच मजकुरात त्याने शहरातल्या विमानविरोधी तोफा कुठे आहेत तेही लिहून टाकले, आणि वरून बाँब पडत असलेल्या शहराबद्दल हे छापले गेले. पुढे त्या बातमीची पुस्तिका निघाली आणि फ्रँकोच्या समर्थकांनी ती वाटली.

सारख्या रकान्यांचा हा हिशेब तेरुएलला उघडा पडला. डिसेंबर १९३७ मध्ये प्रजासत्ताकाच्या फौजांनी कडाक्याच्या थंडीत हे डोंगरी शहर जिंकले. वर्ष संपता संपता फ्रँकोच्या मुख्यालयाने जाहीर केले, की आपले सैन्य शहराला भिडले आहे आणि वेढा मोडला आहे. कार्नीने या पत्रकावरून बातमी पाठवली. तीत नागरिकांनी सैनिकांचे स्वागत कसे केले याचेही वर्णन होते, जणू तो स्वतः तिथे उभा होता. मॅथ्यूजने ते वाचले आणि मोटार काढून बर्फातून तेरुएल गाठले. शहर अजून प्रजासत्ताकाच्याच ताब्यात होते. कार्नीने वर्णिलेले स्वागत झालेच नव्हते. फ्रँकोच्या सैन्याने तेरुएल खरोखरच परत घेतले, पण ते २२ फेब्रुवारी १९३८ ला, कार्नीच्या बातमीनंतर सात-आठ आठवड्यांनी.

दोन्ही मजकूर एकाच वर्तमानपत्राने छापले. एक माणूस जाऊन पाहून आला होता आणि दुसरा पत्रक समोर ठेवून लिहीत होता, हा फरक रकान्याच्या लांबीत कुठेच दिसत नाही. वाचकाला मात्र वाटले असणार, की एक तिकडचा, एक इकडचा. खरे कुठेतरी मध्ये असेल. तेरुएलच्या बाबतीत मध्ये काहीही नव्हते.

मॅथ्यूजचे आणखी एक सांगायला हवे, कारण त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करणाऱ्यांना ते कधी आठवले नाही. स्पेनच्या आधीच्या वर्षी, म्हणजे १९३५-३६ मध्ये, तो ॲबिसिनियात इटालियन सैन्याबरोबर होता. तिथल्या त्याच्या बातम्या इटलीला इतक्या अनुकूल होत्या की मुसोलिनीच्या सरकारने त्याला युद्धपदक दिले. ज्या माणसावर इटालियनांचा द्वेष करतो असा संशय घेऊन न्यूयॉर्कच्या टेबलाने त्याचा शब्द खोडला, त्याच्या पेटीत इटलीचेच पदक होते. पुढे त्याने निःपक्षपातीपणाचा आव आणण्यापेक्षा उघड आणि प्रामाणिक पक्षपात बरा, अशी भूमिका घेतली. मला ती पूर्ण पटत नाही. युद्धाच्या शेवटच्या वर्षात तो हरणाऱ्या बाजूच्या आशेवर जरा जास्तच विसंबला; बार्सिलोना तग धरेल असे त्याला वाटावेसे वाटत होते आणि ते त्याच्या बातम्यांत उतरले. पण ग्वादालाहाराचे मृत सैनिक इटालियन होते, आणि ते त्याला दिसले होते.

याच ॲबिसिनियाच्या युद्धात दुसऱ्या बाजूला, आदिस अबाबात, लंडनच्या 'टाइम्स'चा एक तरुण वार्ताहर होता. जॉर्ज स्टीअर. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, १९०९ चा. इटालियनांनी राजधानी घेतल्यावर त्याला हद्दपार केले. वर्षभराने तो स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या बिल्बाओत होता.

२६ एप्रिल १९३७ हा सोमवार होता आणि गेर्निकाच्या बाजाराचा दिवस होता. दुपारी साडेचारच्या सुमाराला पहिले विमान आले. पुढचे सुमारे तीन तास जर्मनीच्या काँडोर लीजनची आणि सोबतीला इटलीची विमाने टप्प्याटप्प्याने येत राहिली. आधी स्फोटक बाँब, मग आगीचे बाँब, आणि शेताकडे पळणाऱ्यांवर खालून उडणाऱ्या विमानांतून मशीनगन. स्टीअर त्या रात्री बिल्बाओत इतर वार्ताहरांबरोबर जेवायला बसला होता. बातमी कळताच 'डेली एक्सप्रेस'चा नोएल मंक्स, रॉयटरचा क्रिस्टोफर होम आणि पॅरिसच्या 'स स्वार'चा बेल्जियन वार्ताहर मॅथ्यू कोर्मां असे सगळे निघाले. गेर्निका दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांना ढगांवर पडलेला लाल उजेड दिसला.

होम आणि मंक्स यांच्या बातम्या आधी गेल्या. स्टीअर थांबला. सकाळी पुन्हा गावात जाऊन आला, वाचलेल्यांशी बोलला, न फुटलेल्या आगीच्या बाँबची नळकांडी पाहिली. त्यांच्यावर जर्मन गरुडाचा शिक्का आणि १९३६ हे साल होते. त्याची बातमी २८ एप्रिलला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आणि न्यूयॉर्कच्या 'टाइम्स'मध्ये एकाच दिवशी आली. ती आज वाचताना तिचा थंडपणा जाणवतो. विशेषणे फार थोडी आहेत. किती वाजता काय झाले, कोणत्या जातीची विमाने होती, किती वजनाचे बाँब होते. आणि एक निष्कर्ष: गावाबाहेरचा शस्त्रास्त्रांचा कारखाना आणि बराकी जवळजवळ शाबूत राहिल्या, म्हणजे हल्ल्याचे लक्ष्य लष्करी नव्हते.

फ्रँकोच्या बाजूने परदेशी पत्रकारांचा कारभार लुईस बोलिन पाहत असे. तो स्वतः पत्रकार होता, माद्रिदच्या 'आबेसे' या दैनिकाचा लंडनमधला प्रतिनिधी. जुलै १९३६ मध्ये फ्रँकोला कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत नेणारे विमान लंडनहून ठरवून देणाराही तोच. आपल्या व्यवसायातलाच माणूस जेव्हा खोटे बोलायला बसतो, तेव्हा कोणते खोटे तारेतून जाईल हे त्याला बरोबर ठाऊक असते. सालामांकाहून खुलासे सुरू झाले. हवा खराब होती, विमाने उडालीच नाहीत. मग: माघार घेणाऱ्या लाल बास्कांनी स्वतःच पेट्रोल ओतून आणि सुरुंग लावून गाव जाळले. २९ एप्रिलला फ्रँकोचे सैन्य गेर्निकात शिरले आणि काही दिवसांनी परदेशी वार्ताहरांना मार्गदर्शकांसह गावात फिरवण्यात आले. भिंती दाखवल्या, खड्डे दाखवले, हा सुरुंगाचा आणि हा आगीचा, असे समजावून सांगितले.

लंडनच्या 'टाइम्स'चाच दुसरा वार्ताहर, जेम्स होलबर्न, या दौऱ्यातल्यांपैकी होता. मे महिन्याच्या सुरुवातीला त्याची बातमी आली. बाँब पडले असतील, पण आगीचा मोठा भाग जमिनीवरून लावलेला असावा, असा तिचा सूर होता. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने एकाच वर्तमानपत्रात गेर्निका दोनदा जळले. एकदा आकाशातून, एकदा जमिनीवरून. ज्याला जे पटायचे त्याने ती घडी कापून ठेवली. डग्लस जेरॉल्डसारखे इंग्लंडमधले फ्रँकोचे समर्थक दुसऱ्या बातमीवर पुढची कित्येक वर्षे जगले.

या प्रकरणातली सगळ्यात विचित्र गोष्ट मात्र 'टाइम्स'चे संपादक जेफ्री डॉसन यांची आहे. जर्मनीशी जुळवून घ्यावे या मताचा हा माणूस. स्टीअरच्या बातमीने बर्लिन खवळले. 'टाइम्स' हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले तर 'सेमिट' होते, हा शोधही जर्मन प्रचारकांनी त्याच वेळी लावला. मे १९३७ मध्ये डॉसनने आपल्या एका वार्ताहराला खाजगी पत्र लिहिले. जर्मनांच्या भावना दुखावतील असे काही अंकात येऊ नये म्हणून आपण रोज रात्री कसोशीने झटतो, असे त्यात होते. हे पत्र पुढे डॉसनच्या माथी कायमचे चिकटले आणि ते योग्यच झाले. पण त्याच पत्रात त्याने हेही मान्य केले होते, की स्टीअरच्या बातमीच्या मूळ खरेपणाला कोणी आव्हान देऊ शकलेले नाही. जर्मनांना जपणाऱ्या संपादकाने जर्मनांना सगळ्यात झोंबणारी बातमी छापली, आणि वर अग्रलेखही लिहिला. पक्षपाताचे गणित इतके सरळ नसते, एवढेच इथे नोंदवून पुढे जातो.

त्याच वर्षी ऑगस्टनंतर व्हर्जिनिया काउल्स ही अमेरिकन वार्ताहर फ्रँकोच्या भागातून प्रवास करत होती. तिच्याबरोबरचा प्रसिद्धी अधिकारी तिला गेर्निका लालांनी जाळले हे ऐकवत होता. पुढे एका ठिकाणी लष्करातल्या अधिकाऱ्यांची गाठ पडली. गेर्निकाचा विषय निघाल्यावर त्यांच्यातला एक जण सहज म्हणाला, की अर्थात आम्हीच बाँब टाकले, टाकले आणि परत टाकले, त्यात काय एवढे! प्रसिद्धी अधिकाऱ्याचा चेहरा पडला. गाडीत बसल्यावर त्याने तिला विनंती केली, की मी तुमच्या जागी असतो तर हे छापले नसते.

मृतांच्या आकड्याचेही सांगायला हवे, कारण खोटे एकाच बाजूने बोलले जात नाही. बास्क सरकारने १,६५४ मृतांचा आकडा दिला आणि जगभर तोच छापला गेला. पुढच्या संशोधकांनी दफनाच्या नोंदी आणि इस्पितळांचे दाखले तपासले, तेव्हा आकडा दीडशे ते तीनशेच्या दरम्यान येऊ लागला. यावरून फ्रँकोचे जुने वकील आजही म्हणतात, की बघा, अतिशयोक्ती होती. होती. पण स्टीअरच्या बातमीतला मुद्दा आकड्याचा नव्हता.

प्रजासत्ताकाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी काय लपवले, हे सांगितल्याशिवाय हा लेख कार्नीवरचा खटला होऊन बसेल. नोव्हेंबर-डिसेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून बसगाड्या भरून कैदी बाहेर नेले गेले आणि शहराजवळच्या पाराकुएयोस गावात गोळ्या घालून मारले गेले. दोन हजारांहून अधिक. त्या वेळी जगातले किती तरी नामांकित वार्ताहर माद्रिदमध्ये होते. हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी तोफांचे गोळे मोजले, पण या बसगाड्यांबद्दल फार थोड्यांनी लिहिले. दुसऱ्या बाजूला, बादाहोसला ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने केलेल्या कत्तलीची बातमी देणाऱ्या मारिओ नेव्हेस या पोर्तुगीज तरुणाचा शेवटचा मजकूर लिस्बनच्या सेन्सॉरने अडवला. त्याने जे पाहिले ते पुस्तकरूपाने यायला १९८५ उजाडले. बादाहोसवरची 'शिकागो ट्रिब्यून'मधली जे ॲलनची बातमी मात्र छापून आली, आणि तिच्यावर खोटेपणाचा शिक्का मारण्यात पुढची कित्येक वर्षे खर्ची पडली.

लंडनच्या कम्युनिस्ट 'डेली वर्कर'चा क्लॉड कॉकबर्न तर एक पायरी पुढे गेला. १९३८ मध्ये पॅरिसमध्ये ओटो काट्झ या कॉमिंटर्नच्या प्रचारकाबरोबर बसून त्याने मोरोक्कोतल्या तेतुआन शहरात फ्रँकोविरुद्ध बंड झाल्याची बातमी रचली. दोघेही तेतुआनला कधी गेले नव्हते. पर्यटकांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांत पाहून त्यांनी रस्त्यांची आणि चौकांची नावे घेतली. हेतू असा, की फ्रान्सचे पंतप्रधान ब्लूम यांना वाटावे फ्रँको अडचणीत आहे, आणि सरहद्दीवर अडकलेल्या तोफा त्यांनी सोडाव्यात. हे सगळे कॉकबर्नने पुढे आठवणींत स्वतःच लिहिले आहे, काहीशा अभिमानाने. युद्धात फसवणूक चालते तर बातमीत का नको, असा त्याचा सवाल. त्याला उत्तर देता येते: तोफा सुटल्या असतील, पण त्यानंतर खऱ्या बंडाची बातमी आली असती तर ती कोणी का मानावी?

आणि जॉर्ज ऑर्वेल. बार्सिलोनात मे १९३७ मध्ये डाव्यांनीच डाव्यांवर बंदुका चालवल्या, तो तिथे होता. परत आल्यावर ते लिहून त्याने लंडनच्या 'न्यू स्टेट्समन'ला दिले. संपादक किंग्स्ली मार्टिन यांनी ते नाकारले. मग त्याच विषयाला हात घालणारे एक पुस्तक-परीक्षण त्याने दिले. तेही परत आले, मात्र मानधन देण्यात आले. 'होमेज टु कॅटलोनिया' एप्रिल १९३८ मध्ये निघाले. दीड हजार प्रती छापल्या होत्या, त्याही ऑर्वेलच्या हयातीत संपल्या नाहीत. त्याला उजव्यांच्या खोट्याने धक्का बसला नाही, तो अपेक्षितच होता. आपल्या बाजूचे साप्ताहिक वाचून तो हादरला.

हे सगळे भारतात कसे पोहोचत होते? तेव्हा परदेशातली बातमी म्हणजे मुख्यतः रॉयटर. तार लंडनहून इंग्रजीत येई आणि मराठी, बंगाली, तमिळ, उर्दू वर्तमानपत्रांतला उपसंपादक तिचा रातोरात तर्जुमा करी. त्याची पंचाईत न्यूयॉर्कच्या टेबलापेक्षा वेगळी होती. फ्रँकोची माणसे स्वतःला 'नॅशनलिस्ट' म्हणवत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द हळूहळू रुळला होता. पण १९३७ च्या हिंदुस्थानात राष्ट्रवादी म्हणजे काँग्रेसची, स्वातंत्र्याची माणसे. आणि 'रिबेल' म्हणावे तर बंडखोर हा आपल्याकडे शिवी कधीच नव्हता. १८५७ चे बंड की स्वातंत्र्यसमर, यावरच आपले भांडण चालू होते. 'लॉयलिस्ट' म्हणजे राजनिष्ठ म्हणावे तर तो शब्द रावबहादुरांना लागायचा. स्पेनमधल्या तिन्ही शब्दांचे रंग हिंदुस्थानच्या वाचकाच्या मनात उलटेच उमटत होते. भाषांतरात काही जाते असे आपण नेहमी म्हणतो. इथे भाषांतरात बाजूच बदलत होती. जवाहरलाल नेहरू जून १९३८ मध्ये कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला जाऊन आले, बाँबहल्ले स्वतः अनुभवून आले. त्यामागे, तारेतून येणाऱ्या शब्दांवर न विसंबता जाऊन पाहावे, ही गरजही असणारच.

एक मराठी माणूस त्यांच्या आधीच तिथे पोहोचला होता. गोपाळ मुकुंद हुद्दार, नागपूरचे. ओळखीत बाळाजी हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे १९२९ मधले सरकार्यवाह. पुढे बालाघाटच्या दरोड्याच्या खटल्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर ते लंडनला गेले ते वृत्तपत्रविद्या शिकायला. तिथे स्पेनच्या बातम्या वाचता वाचता त्यांचे मन पालटले, आणि १९३७ च्या शरदात 'जॉन स्मिथ' या नावाने ते आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीत दाखल झाले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या ओस पडलेल्या मठात झाली. परदेशी स्वयंसेवकांना तिथे डांबून ठेवले होते, शेकड्यांनी. दाटीवाटी, उवा, पातळ आमटी, आणि सोट्याने मारणारे शिपाई.

त्याच १९३८ च्या उन्हाळ्यात या मठात एक पाहुणा आला: 'न्यूयॉर्क टाइम्स'चा विल्यम कार्नी. त्याने अमेरिकन कैद्यांची भेट घेतली, नावे टिपली आणि बातमी पाठवली, की कैद्यांना बरे वागवले जाते. कैद्यांनी नंतर जे सांगितले ते याच्या अगदी उलट होते. तरी एक गोष्ट त्यांनीही मान्य केली. नावे छापली गेल्यामुळे ही माणसे जिवंत आहेत हे घरच्यांना कळले, आणि आता त्यांना गुपचूप नाहीसे करणे अवघड झाले. बातमी खोटी होती आणि तिच्यातली यादी खरी होती. कार्नीच्या हातून घडलेले हे कदाचित सगळ्यात मोलाचे काम असेल, आणि ते त्याच्या सगळ्यात लाजिरवाण्या बातम्यांपैकी एकीत घडले.

कैद्यांनी आपले हस्तलिखित वार्तापत्रही काढले होते. 'डेली'ला 'जेल' जोडून त्याचे नाव ठेवले होते 'जेली न्यूज'. वृत्तपत्रविद्येचा हा नागपूरकर विद्यार्थी त्या भिंतींच्या आत होता. लंडनमध्ये तो विषय शिकताना जे हाती लागले नसते, ते त्याला इथे दोन्ही टोकांनी पाहायला मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस ते सुटून लंडनला आणि तिथून हिंदुस्थानात परतले.

गेर्निकाचा वाद फ्रँको जिवंत असेपर्यंत मिटला नाही. तो मिटवायला हर्बर्ट साउथवर्थ हा अमेरिकन ग्रंथसंग्राहक पुढे आला. विद्यापीठात प्राध्यापक नसलेल्या या माणसाने स्पेनच्या युद्धावरचे मिळेल ते पुस्तक, पत्रक, कात्रण जमवले आणि १९७५ मध्ये पॅरिसहून गेर्निकावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा खरा विषय बाँबहल्ला नव्हता, बातमी हा होता: कोणती तार किती वाजता निघाली, कोणत्या वृत्तसंस्थेने तिचे कोणते वाक्य गाळले, पॅरिसच्या कोणत्या कॅथलिक दैनिकाने ती छापलीच नाही. अडतीस वर्षांनी एकेका तारेचा माग. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी, रोमान हेर्झोग यांनी, वाचलेल्यांपुढे जबाबदारी मान्य केली ती १९९७ मध्ये.

स्टीअरला यातले काही पाहता आले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने पत्रकारिता सोडली आणि तो ब्रिटिश सैन्यात गेला. आधी इथिओपियात आणि मग हिंदुस्थानात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, त्याच्याकडे प्रचाराचे काम होते. 'इंडियन फील्ड ब्रॉडकास्टिंग युनिट' या नावाच्या छोट्या तुकड्या त्याने उभ्या केल्या. जंगलात पुढे जाऊन कर्ण्यांवरून जपानी सैनिकांना शरण येण्याचे आवाहन करायचे, पत्रके टाकायची, गाणी लावायची. गेर्निकाच्या बातमीत एक विशेषण जास्त न वापरणारा माणूस आता शत्रूला पटेल ते बोलण्याच्या कामावर होता, आणि त्यातही तो तरबेज होता असे म्हणतात. २५ डिसेंबर १९४४ ला, नाताळच्या दिवशी, बंगालमध्ये फागू इथल्या प्रशिक्षण तळाजवळ जीपला अपघात होऊन तो गेला. वय पस्तीस. त्याच्याजवळ एक सोन्याचे घड्याळ होते. बास्क राष्ट्राध्यक्ष आगिरे यांनी दिलेले, मागे कोरलेल्या अक्षरांसह.